चोवीस पाव फेरे

शाळेच्या प्रयोगशाळेतले खिडकीजवळचे काचेचे कपाट उघडले, की वरच्या खणात प्लास्टिकची कवटी दिसते, खालच्या खणात भिंग हरवलेला सूक्ष्मदर्शक दिसतो, आणि मधल्या खणात बसलेला असतो मी. मी एक जुना श्वासमापक आहे. कवटीला तुम्ही सगळे ओळखता, तिच्या दातांत खडूही अडकवता. मला मात्र नवी मुले कधी वजनकाटा समजतात, कधी टाइपरायटर. गेल्या वर्षी सहावीतल्या एकाने मला पाव भाजायचे यंत्र ठरवले. मित्रांनो, मी रागावलो नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या छातीतली हवा मोजली, त्याने एवढ्यातेवढ्याने फुगून कसे चालेल?

माझी रचना सोपी आहे. माझ्या पत्र्याच्या पेटीत एक भाता आहे, लोहाराच्या भात्यासारखाच, फक्त उलट कामाचा. लोहाराचा भाता हवा फुंकतो, मी फुंकलेली हवा घेतो. तुम्ही नळीत जोराने फुंकले, की माझा भाता वर उचलला जातो, त्याला जोडलेला काटा सरकतो आणि मेणकागदावर एक रेघ ओढतो. छाती मोकळी असेल, तर पहिल्या एका सेकंदातच रेघ झपकन वर जाते. छाती आवळलेली असेल, तर ती थकलेल्या माणसासारखी हळूहळू चढते. माझ्या उजव्या कुशीत एक पितळी स्क्रू आहे. तो उजवीकडे फिरवला, की तेवढ्याच हवेला काटा जास्त वर जातो. डावीकडे फिरवला, की कमी. हा स्क्रू नीट लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे एका वाकड्या अंगठ्याच्या कारागिराने माझा भाता शिवला. मग त्याने पंपासारखी मोठी सिरिंज माझ्या नळीला लावली. तिच्यात बरोबर तीन लिटर हवा मावत असे. त्याने दांडा दाबला, काटा तीनच्या रेघेवर जाऊन थांबला, आणि तो म्हणाला, “तीन म्हणजे तीन. जा आता, नाव काढ.”

पण सिरिंजची किंमत वेगळी होती. ज्या लहानशा दवाखान्याने मला विकत घेतले, त्याच्याकडे तेवढे पैसे नव्हते. माझ्यासोबतच्या माहितीपुस्तिकेत लिहिले होते, की सिरिंज नसेल तर एका निरोगी माणसाने रोज फुंकून पाहावे. त्याचा आकडा घसरला, तर यंत्रात बिघाड आहे असे समजून स्क्रूने जुळवून घ्यावे.

दवाखान्यातली सर्वांत निरोगी व्यक्ती कोण, यावर वादच नव्हता. सिस्टर.

तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. दोन जिने एका दमात चढायची आणि वर पोहोचल्यावर खालच्या माणसाशी भांडायची. तिने पहिल्याच दिवशी मला खोक्यातून बाहेर काढले, पुसले, पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि नळीत फुंकले. पहिल्या सेकंदाची रेघ २.८ लिटरवर गेली. तिने माझ्या अंगावर त्या उंचीला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. “हा माझा ठिपका,” ती म्हणाली, “रोज सकाळी इथपर्यंत यायचं. खाडा चालणार नाही.”

त्या दिवसापासून एकोणीस वर्षे आमचा नेम चुकला नाही. सकाळी दवाखाना उघडला, की आधी ती फुंकायची, मग रोगी.

दवाखान्याच्या मागे एक लांब गल्ली होती, आणि गल्लीच्या टोकाला फोमच्या गाद्या बनवणारा कारखाना. दिवसातून दोनदा तिथल्या मोठ्या साच्यांत रसायने मिसळत. मग फेस पावासारखा फुगून वर येई आणि धुरांड्यातून जळक्या मधासारखा गोडसर, नाकाला टोचणारा वास गल्लीत उतरे. त्यात एक असे रसायन होते, की ते डोळ्यांना दिसत नाही, पण छातीच्या नळ्यांना ते कधी विसरू देत नाही. गंमत अशी, की गल्लीतला प्रत्येक माणूस त्याच कारखान्याच्या थोड्या वाकड्या, स्वस्त मिळणाऱ्या गादीवर झोपायचा. “गादी अशी मऊ, की झोप लागायला हवी,” इस्त्रीवाले काका म्हणायचे, “पण खोकला झोपू देईल तर ना!”

सिस्टरचा आवाज मला अजून ऐकू येतो. “घे श्वास. अजून घे. पोटात लपवून ठेवू नको. आता फुंक! फुंक, फुंक, फुंक, थांबायचं नाही! वाढदिवसाची मेणबत्ती नाही ही, एवढ्यात दमलास?” ती प्रत्येकाला तीनदा फुंकायला लावी आणि तिन्हींतली चांगली रेघ त्याच्या पानावर डकवी. गल्लीतल्या एकशे चाळीस माणसांची एकशे चाळीस पाने तिच्या रजिस्टरांत होती. वर्षातून दोनदा प्रत्येक पानावर नवी रेघ चढे. हे काम तिला कुणी सांगितले नव्हते. पगारात त्याचा एक पैसाही नव्हता. डॉक्टर बदलून गेले, चार आले, चार गेले. सिस्टर आणि मी तिथेच. मुले मला लाडाने भातोबा म्हणत. लोक म्हणत, “भातोबाला फसवता येत नाही.” मला त्याचा फार अभिमान वाटे.

चौथ्या वर्षी एका सकाळी सिस्टरने फुंकले, आणि काटा लाल ठिपक्याच्या जरा खाली थांबला. तिने पुन्हा फुंकले. पुन्हा खालीच. तिने माझ्याकडे मायेने पाहिले, माझा पत्रा थोपटला आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे स्क्रू पाव फेरा उजवीकडे फिरवला. मग काटा ठिपक्यावर आला. तिने एका छोट्या निळ्या वहीत तारीख घालून लिहिले: ‘भाता थकला. पाव फेरा उजवीकडे.’

मित्रांनो, मला बोलता येत असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो. माझ्या भात्याला कुठेही चीर नव्हती. पण यंत्राला तोंड नसते, फक्त काटा असतो, आणि काटा तिने हलवला होता.

पुढे वर्षातून एकदा, कधी दोनदा तेच घडू लागले. भाता थकला, पाव फेरा. भाता थकला, पाव फेरा. जिना चढताना दम लागला, की ती गुडघ्यांना दोष द्यायची, आणि काटा खाली राहिला, की मला. स्वतःच्या छातीचा संशय तिला एकदाही आला नाही. येणार कसा? निरोगी माणूस म्हणून तिची नेमणूक झाली होती, आणि सिस्टर नेमून दिलेले काम कधी अर्धवट सोडत नसे.

यातून एक विचित्र गोष्ट झाली. गल्लीतल्या लोकांचा श्वास त्या वासाने हळूहळू उतरत होता. सिस्टरही त्याच गल्लीत राहायची, तीच हवा घ्यायची, म्हणून तिचाही श्वास जवळपास त्याच गतीने उतरत होता. आणि मला जुळवले होते तिच्या श्वासाशी. ज्या नावेत बसायचे, तिच्याच काठाला खूण करून पाणी किती चढले ते मोजायचे, असा प्रकार. नाव वर जाते, खूण वर जाते, आणि पूर आलेला कळतच नाही. माझ्या कागदांवर गल्ली बरीचशी ठणठणीत दिसत राहिली.

एकोणिसाव्या वर्षी ती मुलगी आली.

ती विज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. खांद्याला पिशवी, पिशवीत गणकयंत्र, आणि तोंडात सतत “का?” हवेच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीने तिला पाठवले होते. गल्लीतल्या लोकांची मागणी होती, की कारखान्याने धुरांड्यावर कोळशाची मोठी गाळणी बसवावी. ती बसवली, की विषारी वाफ कोळशातच अडकते. कारखाना म्हणत होता, गाळणी फार महाग आहे. कचेरीचा नियम सरळ होता. तीन वर्षांत लोकांच्या आरोग्याचे जे नुकसान होते, त्याची किंमत काढायची. ती गाळणीच्या किमतीपेक्षा जास्त भरली, तर गाळणी लगेच बसवायची. कमी भरली, तर कारखान्याला आठ वर्षांची मुदत. नुकसानाची किंमत काढायचे काम या मुलीचे होते. गल्लीने तासाभरात तिचे नाव ठेवले, किंमतताई.

“म्हणजे माझ्या खोकल्याला भाव फुटणार तर,” इस्त्रीवाले काका बाकावर बसून म्हणाले. “किलोने घेणार की डझनाने?”

“खोकल्याला भाव नाही, काका,” ताई हसली. “खोकल्यामुळे तुमचं जे जातं, त्याला. औषधं, डॉक्टर, बुडालेले दिवस. आपण सोपं करू. गाळणीची किंमत शंभर धरू. आपलं नुकसान शंभराच्या वर जातं का, एवढंच बघायचं.”

सिस्टरने तिच्यासमोर एकोणीस वर्षांची रजिस्टरे मांडली. ताईचे डोळे असे चमकले, की जणू कुणी तिला दागिन्यांचा डबा उघडून दाखवला. ज्याचा श्वास त्याच्या वयाच्या अपेक्षेहून बराच खाली, त्याचे नुकसान झाले असे धरायचे, हा तिचा नियम. सिगारेट ओढणारे तिने वेगळे काढले. जिथे हा वास पोहोचत नाही, अशा वाऱ्याच्या पलीकडच्या वस्तीत कारखान्याशिवायही किती लोकांना दम लागतो, हे तिथल्या दवाखान्याकडून मागवून तेवढे वजा केले. ती कुणाच्याही बाजूने एक दाणा जास्त टाकत नव्हती. एकशे चाळीसांपैकी एकतीस माणसे उरली. त्यांचा हिशेब भरला अठ्ठावन्न.

“अठ्ठावन्नच?” सिस्टर म्हणाली.

तेवढ्यात इस्त्रीवाल्या काकांची बायको, सगळ्यांची वहिनी, तपासणीला आली. तिचे पान त्या एकतीसांत होते. ताईने विचारले, “वहिनी, तुम्ही काम काय करता?”

“मी? काही नाही. घरीच असते.”

ताईने कमाईच्या रकान्यात शून्य लिहिले. सिस्टरने वाकून ते पाहिले आणि कंबरेवर हात ठेवले.

“खोड ते.”

“सिस्टर, कमाई नसेल तर बुडालेली कमाई शून्यच येते ना. रीतच तशी आहे.”

“रीत गेली खड्ड्यात. वहिनी, तू सकाळपासून काय केलंस ते सांग हिला. एकही वगळू नको.”

वहिनी बोटे मोजू लागली. पाणी भरले. सात जणांचा स्वयंपाक केला. सासूला अंघोळ घातली, तिच्या पायाला तेल चोळले. धाकटीचा अभ्यास घेतला. दुकानातले चाळीस शर्ट ओले करून गुंडाळून ठेवले, कारण कोरड्या शर्टावर इस्त्री बसत नाही. “आणि दम लागून पडले, की नणंद येते,” ती म्हणाली. “मग तिच्या कामाचा खाडा. शर्ट ओले करायला हे बाहेरचा माणूस लावतात. तो पैसे घेतो, आणि कॉलर तशीच कोरडी ठेवतो.”

ताईने शून्यावर काट मारली आणि एकेक काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायला काय लागेल ते लिहू लागली. गल्लीतल्या अशा अकरा बायकांचा आणि सहा म्हाताऱ्यांचा तिने नव्याने हिशेब केला.

वहिनीने कागदावर नजर टाकली आणि तोंडाला पदर लावून हसली. “म्हणजे मी बरी असले की फुकट, आणि आजारी पडले की महाग! अहो, ऐकलंत का?”

“मी कधी फुकट म्हटलं?” काका दारातून ओरडले. “मला तर तू पहिल्यापासूनच महाग पडलीस!”

बेरीज एकोणऐंशीवर गेली. पण शंभर अजून लांब होते. दम लागेल या भीतीने जी झोप उडते, तिला काय भाव लावायचा हे ताईला सुचेना. तिने तिथे प्रामाणिकपणे लिहिले, ‘मोजलेले नाही’.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोग्यांची गर्दी ओसरली, तेव्हा ताई माझ्यासमोर बसली. “सिस्टर, मी फुंकून बघू? कॉलेजात मोजला होता आम्ही. माझा पहिल्या सेकंदाचा आकडा २.९.”

तिने फुंकले. माझा काटा भरधाव वर गेला आणि ४.३५ वर थांबला.

ताई हसली. मग हसू विरले. तिने पुन्हा फुंकले. पुन्हा तेच. “सिस्टर,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी अशी लहान चणीची. एवढी हवा माझ्या छातीत मावणारच नाही. हा भातोबा दीडपट दाखवतोय.”

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातून तीन लिटरची सिरिंज उसनी आणली. एकोणीस वर्षांनी तशीच ओळखीची सिरिंज माझ्या नळीला लागली. दांडा दाबला गेला. माझा काटा तीनला न थांबता साडेचारवर गेला. मित्रांनो, त्या क्षणाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

सिस्टर खुर्चीवर बसली. “म्हणजे माझी एकोणीस वर्षं पाण्यात?”

ताईला गप्प बसता आले असते. कारखान्याच्या वकिलांना या गोष्टीचा पत्ताही नव्हता. पण ती म्हणाली, “हे मला सांगावं लागेल. लपवलं, तर मग मी कशाला आले?” आणि सिस्टर लगेच म्हणाली, “लपवायचं नाहीच. पण थांब.” तिने टेबलाच्या खणातून ती छोटी निळी वही काढली.

ताईने पाने उलटली. भाता थकला, पाव फेरा. भाता थकला, पाव फेरा. प्रत्येक ओळीला तारीख. तिने मोजले. चोवीस.

मग तिने सिस्टरकडे पाहिले. जिना चढून आल्यावर सिस्टर नेहमीप्रमाणे भिंतीला हात लावून उभी राही, हे तिला बहुधा आठवले असावे. “सिस्टर,” तिने विचारले, “रोज सकाळी फुंकायचं कोण?”

“मीच. दुसरं कोण निरोगी आहे इथे?”

तेवढे बोलून सिस्टरही थांबली. दोघींना एकाच वेळी कळले. सिस्टरने आपला हात छातीवर ठेवला आणि लगेच काढला, जणू कुणी चोरी पकडली असावी.

“अजून पक्कं नाही,” ताई घाईघाईने म्हणाली. “भाता खरंच गळत असेल, तर तुमचं बरोबर होतं. गळत नसेल, तर...” तिने वाक्य सोडून दिले. “चोवीस पाव फेरे उलटे फिरवून सिरिंज लावली, की कळेल. काटा तीनच्या खाली राहिला, तर भाता गळतो. बरोबर तीनवर आला, तर भाता पहिल्यापासून धडधाकट. आत्ता करून बघूया?”

“नाही,” सिस्टर म्हणाली. “आत्ता नाही. सगळ्यांसमोर करायचं. खोटं निघालं, तर तेही सगळ्यांसमोर निघू दे. गल्लीने माझ्यावर विश्वास ठेवलाय, दाराआड नाही ठेवला.”

मग ताईने दोन हिशेब तयार केले. एक, माझे जुने आकडे जसेच्या तसे धरून. दुसरा, प्रत्येक तारखेला स्क्रू किती फिरलेला होता ते पाहून त्या दिवसाचा प्रत्येक आकडा तेवढ्याने उतरवून. दोन लिफाफे तिने बंद केले.

सुनावणी कचेरीच्या मोठ्या खोलीत सकाळी झाली. लांब टेबल, मध्ये अधिकारी बाई, एका बाजूला कारखान्याचे वकील, दुसऱ्या बाजूला गल्ली. इस्त्रीवाले काका कडक शर्ट घालून आले होते. मला टेबलाच्या मधोमध ठेवले होते, आरोपीसारखे. ताईने उभे राहून सगळ्यात आधी माझी चूक सांगितली. खोलीत कुजबुज झाली.

वकील उठले. “बाईसाहेब, मग प्रश्नच मिटला. यंत्र दीडपट दाखवतं हे या स्वतःच सांगताहेत. असल्या यंत्राच्या जोरावर माझ्या पक्षकाराला खर्चात टाकायचं? उद्या गजराच्या घड्याळावरून वय ठरवाल!”

काही लोक हसले. काका हसले नाहीत. अधिकारी बाईंनी ताईकडे पाहिले. “तुमचं म्हणणं?”

“यंत्राला बोलू द्या,” ताई म्हणाली.

सिस्टरने निळी वही उघडली. तिचा आवाज एरवी तीन खोल्या भरून टाकायचा, आज तो बारीक होता. ती पहिली तारीख वाचू लागली आणि थांबली. “मागून वाचते,” ती म्हणाली, “सर्वांत शेवटचा फेरा आधी सोडवायला हवा.” मग शेवटची तारीख. भाता थकला, पाव फेरा उजवीकडे. ताईने माझा स्क्रू पाव फेरा डावीकडे घेतला. त्याच्या आधीची तारीख. पाव फेरा डावीकडे. वर्षे मागे जाऊ लागली. गल्लीतल्या लोकांना त्या तारखा आठवू लागल्या. “त्या वर्षी माझी आई गेली,” मागून कुणीतरी म्हणाले. “त्याच महिन्यात थोरलीला पहिल्यांदा दम लागला,” वहिनी पुटपुटली. वीस. एकवीस. बावीस. वकील घड्याळ बघायचे थांबले होते. तेवीस. चौथ्या वर्षाची ती सकाळ आली. चोवीस.

“सिरिंज तुम्ही लावा,” ताई वकिलांना म्हणाली. “म्हणजे नंतर शंका नको.”

वकिलांनी सिरिंज लावली. मला वाटले, माझ्यात कुठे एखादी चीर असली तर? मला ठाऊक नसलेली, सुईच्या टोकाएवढी? मी माझा प्रत्येक टाका आठवला. वाकड्या अंगठ्याचा तो कारागीर आठवला. दांडा आत गेला. काटा उठला, चढला, आणि थांबला.

तीन. तीन म्हणजे तीन.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे सिस्टरकडे बघत होते, कारण आता याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. थकला होता तो भाता नव्हता.

सिस्टर उठली. कुणी सांगितले नव्हते, तरी ती माझ्याजवळ आली, नवी पुठ्ठ्याची नळी लावली आणि फुंकले. तिने तीनदा फुंकले, जसे ती सगळ्यांना फुंकायला लावायची. लाल ठिपका खूप वर राहिला. पावणेदोन आणि दोनच्या बरोबर मधोमध माझा काटा थांबला.

“वयामुळे श्वास थोडा उतरतोच,” ताई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण आकडे कापत नव्हते. “यांच्या वयाला २.३ असायला हवा होता. बाकीचा उतार वयाचा नाही.”

“मी सिगारेट ओढत नाही,” सिस्टर वकिलांना म्हणाली. “तुम्ही विचारायच्या आधीच सांगते.” मग ती अधिकारी बाईंकडे वळली. “आणि बाई, माझं पान या रजिस्टरात नाही. एकशे चाळीस पानं लिहिली, माझं उघडलंच नाही. एकशे एक्केचाळिसावं घालता येईल का?”

अधिकारी बाईंनी स्वतःचे पेन तिच्यापुढे केले.

दुसरा लिफाफा उघडला गेला. आकडे खरे केल्यावर एकतीस माणसांची अडुसष्ट झाली होती. जे आजवर कागदावर ठणठणीत होते आणि घरी रात्रंदिवस उशा रचून बसत होते, ते सगळे आता मोजले गेले. हिशेब भरला एकशे चौतीस. त्यात सिस्टरचा वाटा धरलेला नव्हता. तो त्याच खोलीत, त्याच टेबलावर ताईने मिळवला. एकशे छत्तीस. भीतीच्या रकान्यात अजूनही ‘मोजलेले नाही’ असेच होते. अधिकारी बाईंनी तो रकाना वाचला आणि म्हणाल्या, “हे मोजलं नाही, तरी शंभर ओलांडले. गाळणी सहा महिन्यांत बसवा. आणि ही निळी वही जपून ठेवा. चूक तर सगळेच करतात. आपली प्रत्येक दुरुस्ती तारखेसकट लिहून ठेवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.”

बाहेर आल्यावर काकांनी सिस्टरला हात जोडले. “सिस्टर, उद्यापासून तुमचे सगळे कपडे माझ्याकडे. फुकट. आणि जिना चढायचा नाही, मी वर आणून देईन.”

“तुमची छाती माझ्याहून वाईट आहे,” सिस्टर म्हणाली. “तुम्हीच खाली थांबा. वहिनीला पाठवा, तिचा भाव आता सगळ्यांना माहीत आहे.”

पाचव्या महिन्यात गाळणी बसली. गेलेला श्वास परत आला नाही. तसे मी सांगितले, तर ते खोटे होईल, आणि मला आता खोट्याची भीती बसली आहे. पण पुढची तीन वर्षे गल्लीतल्या रेघा घसरायच्या थांबल्या. सिस्टरची रेघही. दवाखान्याने वर्गणी काढून सिरिंज घेतली. सकाळी आधी सिरिंज, मग रोगी, असा नवा नेम सुरू झाला. लाल ठिपका कुणी पुसला नाही.

मग खिशात मावणारी नवी यंत्रे आली, आणि मी माळ्यावर गेलो. पाच वर्षे धूळ खाल्ली. एका कोळ्याने माझ्या नळीत संसार थाटला. निवृत्त होताना सिस्टरने मला शोधून काढले, पुसले आणि इथे, तुमच्या शाळेत आणून ठेवले. सोबत ती निळी वहीही आहे, माझ्या पेटीखाली. तिची शेवटची ओळ मी तुम्हाला वाचून दाखवतो. सुनावणीच्याच दिवशी तिने ती लिहिली: ‘सहा फेरे डावीकडे. भाता थकलेला नाही. मी थकले आहे. उपचार सुरू.’

मित्रांनो, माझे फारसे मागणे नाही. काटा हाताने ओढू नका, तो नाजूक आहे. नळीत पेन्सिली घालू नका. वर्षातून एकदा भात्याला कोरडे फडके फिरवा. आणि तुमच्याकडे कुठलेही माप असो, पट्टी असो, तराजू असो की स्वतःचे मत असो, ते अधूनमधून अशा कशाशी तरी ताडून बघा, जे तुमच्याच गल्लीतली हवा घेत नाही.

एक शेवटचे. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात असे एखादे माणूस नक्की असेल, जे रोज सगळ्यांची चौकशी करते आणि स्वतःला निरोगी समजून कामाला लागते. आज घरी गेलात, की त्याच्याजवळ जरा वेळ बसा. आणि विचारा, “तुमचं पान कुठे आहे?”